पाणी गेलें, कर राहिला : कॅलिफोर्नियांतील एका काउंटीची हकीकत

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सरहद्दीवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडच्या अंगाला, इन्यो नांवाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे जिल्हा, असें ढोबळ मानानें समजावयास हरकत नाहीं. क्षेत्रफळ सुमारें दहा हजार चौरस मैल. अमेरिकेच्या सलग भूभागांतील सर्वांत उंच शिखर, माउंट व्हिटनी, तिच्या एका कडेला आहे, आणि सर्वांत खोल जागा, डेथ व्हॅली, दुसऱ्या कडेला. एवढ्या थोरल्या प्रदेशांत माणसें मात्र इतकीं थोडीं कीं, १९६० सालच्या शिरगणतींत त्यांचा आंकडा ११,६८४ भरला. महाराष्ट्रांतील एखाद्या बाजारपेठेच्या गांवींहि याहून अधिक वस्ती सांपडते. असें असूनहि राज्यघटनेच्या करविषयक कलमांत या काउंटीचा नांव घेऊन उल्लेख केलेला आहे. तें नांव तेथें कसें गेलें, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एका दुबळ्या स्थानिक संस्थेनें राज्याच्या कायदेमंडळांत आपलें म्हणणें कसें मांडलें, काय गमावलें आणि काय पदरांत पाडून घेतलें, हें तींतून दिसतें.

अमेरिकन राज्यपद्धतींत काउंटीचें स्थान मोठें चमत्कारिक आहे. मध्यवर्ती सरकार आणि राज्यें यांच्यांतील अधिकारांची वांटणी संयुक्त संस्थानांच्या घटनेनें करून दिली. काउंटीच्या वांट्याला तींत एक शब्दहि आला नाहीं. काउंटी ही राज्याची निर्मिति. कर गोळा करणें, कचेऱ्या चालविणें, रस्ते राखणें, निराश्रितांची काळजी घेणें, निवडणुका घेणें, हीं कामें तिनें राज्याच्या वतीनें करावयाचीं. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५७ सालीं असा भेद केला कीं, शहर हें तेथील लोकांच्या मागणीनें अस्तित्वांत येतें. काउंटी मात्र लोकांच्या संमतीची वाट न पाहतां राज्यच निर्माण करतें. जें राज्यानें निर्मिलें त्याची मोडतोडहि राज्याच्या हातीं. कॅलिफोर्नियानें १९११ सालीं घटनेंत दुरुस्ती करून काउंट्यांना स्वतःची सनद तयार करण्याची मुभा दिली खरी, परंतु तिनें घरच्या कारभाराची घडी तेवढी त्यांच्या हातीं आली. पाणी, जमीन, कर यांचे मोठे कायदे सॅक्रामेंटो येथील विधिमंडळांतच व्हावयाचे.

काउंटीचा कारभार पांच निवडलेल्या सुपरवायझरांचें मंडळ पाहतें. विधिमंडळांत त्या मंडळाला मत नाहीं. मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डांना कायदेकौन्सिलांत आपला प्रतिनिधि पाठवितां येई. १८९५ सालीं टिळक कौन्सिलांत गेले ते मध्य भागांतील लोकल बोर्डांच्या निवडीनें. महाराष्ट्राच्या विधान परिषदेंतहि स्थानिक संस्थांसाठीं २२ जागा आहेत. कॅलिफोर्नियाच्या सुपरवायझर-मंडळाला असा हक्क कधींच लाभला नाहीं. विधिमंडळाच्या दाराशीं उभें राहून सांगावें, पटवावें, आर्जव करावें, वेळीं भांडावें, एवढेंच त्याच्या हातीं. आणि भांडणाचें कारण इन्यो काउंटीला फार लवकर मिळालें.

सिएराच्या बर्फाचें पाणी घेऊन ओवेन्स नदी या काउंटीच्या मधून दक्षिणेकडे वाहत जाई आणि ओवेन्स सरोवरांत विसांवे. सरोवराला समुद्राकडे वाट नाहीं. पाऊस जवळजवळ नाहींच, शेती कालव्यांवर. हे कालवे प्रथम गोऱ्या वसाहतवाल्यांनीं खणले असें मात्र नाहीं. पैयूट नांवाचे मूळचे रहिवासी आजच्या बिशप गांवाजवळ पाट काढून रानकंदांचीं कुरणें भिजवीत असत. १८६३ सालीं लष्करानें त्यांच्यापैकीं नऊशेंहून अधिक लोकांना हांकून डोंगरापलीकडील फोर्ट टेहोन येथें नेलें, आणि तीन वर्षांनीं, १८६६ सालीं, इन्यो काउंटी स्थापन झाली. पुढें ज्यांनीं 'आमचें पाणी नेलें' म्हणून आक्रोश केला त्यांच्या पाण्याचा पूर्वेतिहास असा आहे. त्यांचें दुःख त्यामुळें खोटें ठरत नाहीं. परंतु ही गोष्ट वगळून ती हकीकत सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

नैर्ऋत्येला सव्वादोनशें मैलांवर लॉस एंजेलिस शहर वाढत होतें. १९०० सालीं तेथें एक लाखाच्या आसपास वस्ती होती. १९३० सालीं ती बारा लाखांवर गेली. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनीं ओवेन्स खोऱ्यांत हिंडून जमिनी आणि त्यांवरील पाण्याचे हक्क विकत घेण्यास आरंभ केला. त्या वेळीं खोऱ्यांतील शेतकरी मध्यवर्ती सरकारची पाटबंधारे-योजना येणार या आशेवर होते, आणि पुष्कळांचा समज असा झाला कीं, ही खरेदी त्याच योजनेसाठीं आहे. २९ जुलै १९०५ रोजीं लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रानें खरा बेत छापला, तेव्हां खोऱ्याला जाग आली. तोंपर्यंत मोक्याचे हक्क शहराच्या खिशांत गेले होते. दुसऱ्या वर्षीं सरकारी जमिनींतून कालवा नेण्याची परवानगी देणारें बिल वॉशिंग्टनला गेलें. इन्योच्या बाजूनें त्या भागाचे प्रतिनिधि सिल्व्हेस्टर स्मिथ यांनीं विरोध केला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या शहराच्या गरजेच्या बाजूनें कौल दिला. विल्यम मुलहोलंड या अभियंत्याच्या देखरेखीखालीं २३३ मैलांचा कालवा बांधून झाला. पाणी कोठेंहि पंपानें उचलावें लागत नाहीं, केवळ उतारानें वाहत येतें, ही त्या कामाची करामत. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं तें शहराच्या वेशींत पोंचलें.

वॉशिंग्टनला जी लढाई हरली ती इन्योच्या मंडळींनीं सॅक्रामेंटोला दुसऱ्या अंगानें लढविली. त्यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. शहर ही सार्वजनिक संस्था. सार्वजनिक संस्थेच्या जमिनीवर कर बसत नाहीं. आज जी जमीन शेतकऱ्याच्या नांवें आहे आणि काउंटीला कर देते, ती उद्यां शहराच्या नांवें झाली कीं करांतून सुटणार. म्हणजे पाणीहि जाणार आणि शाळा, रस्ते, न्यायकचेरी चालविणारा पैसाहि जाणार. शहरानें सगळें खोरें विकत घेतलें तर काउंटीच उरणार नाहीं. नकाशावर रेघ राहील, आंत कांहीं नाहीं. ही भीति एकट्या इन्योची नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोसारखीं शहरेंहि आपल्या हद्दीबाहेर दूरवर जमिनी घेत होतीं, आणि ज्या काउंट्यांत तीं घेत त्या सर्वांना हाच प्रश्न पडला होता. त्यांतून १९१४ सालच्या नोव्हेंबरांत राज्यघटनेची एक दुरुस्ती मतदारांपुढें आली आणि मंजूर झाली. तिचा आशय एवढाच : एखाद्या शहरानें आपल्या हद्दीबाहेर जमीन घेतली, आणि घेण्याच्या वेळीं ती करपात्र होती, तर ती पुढेंहि करपात्रच राहील.

एक वाक्य. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला नाहीं. परंतु इन्यो काउंटीच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासांत या वाक्याइतकें उपयोगी पडलेलें दुसरें कांहीं नाहीं. तें नसतें तर पुढच्या वीस वर्षांत काउंटीचा खजिना कोरडा पडला असता.

कारण १९२० नंतर अवर्षणाचीं वर्षें आलीं आणि शहरानें उरलेल्या जमिनी घेण्याचा सपाटा लावला. एका शेतकऱ्यानें विकलें कीं त्याच कालव्यावरील शेजाऱ्याला पाटाचा खर्च झेपेना, तोहि विकी. गिऱ्हाइकें गेलीं कीं गांवांतील दुकानें बसत. ज्याच्यापाशीं जमीन त्याला किंमत मिळे. दुकानदार, लोहार, भाड्यानें राहणारा मजूर यांना कांहींच नाहीं. पाण्याच्या व्यवहारांत कागदावर ज्याचें नांव नाहीं त्याच्या नुकसानीची मोजदाद सहसा होत नाहीं, आणि येथेंहि ती झाली नाहीं. लोक चिडले. २१ मे १९२४ च्या पहांटे कालव्याला सुरुंग लागला. १६ नोव्हेंबरला, रविवारीं, सुमारें सत्तर माणसांनीं लोन पाइन गांवाजवळील अलाबामा दरवाजे ताब्यांत घेऊन कालव्याचें पाणी पुन्हां नदींत सोडून दिलें. पाहतां पाहतां बायकामुलांसह शेंकडों माणसें तेथें जमलीं. चुली पेटल्या, जेवणावळी झाल्या, एखाद्या जत्रेचें रूप आलें. चार दिवस हें चाललें. या चळवळीचे पुढारी विल्फ्रेड आणि मार्क वॉटरसन हे पेढीवाले बंधु होते. १९२७ सालच्या ऑगस्टांत त्यांच्या पेढ्या बुडाल्या, अपहाराच्या आरोपावरून दोघांनाहि शिक्षा झाली, आणि ज्या लोकांनीं त्यांच्यावर विसंबून शहराशीं झुंज दिली त्यांच्या ठेवीहि त्यांच्याबरोबर गेल्या. सुरुंगाची लढाई येथें संपली.

त्या गडबडींत कायद्याच्या आघाडीवर एक प्रयत्न झाला तो बहुधा विस्मरणांत जातो. अलाबामा दरवाज्यांच्या प्रकारानंतर गव्हर्नरनें राज्याचे मुख्य अभियंते मॅक्क्लूअर यांना चौकशीस पाठविलें. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा कल खोऱ्याच्या बाजूला होता. त्याच वर्षीं विधिमंडळानें एक कायदा केला : शहरानें पाणी नेल्यामुळें ज्यांच्या धंद्याचें वा मालमत्तेचें नुकसान झालें त्यांना शहराकडून भरपाई मागतां येईल. म्हणजे वर ज्या दुकानदाराचा उल्लेख आला त्यालाच हा हक्क मिळाला. दावे दाखल झाले. शहरानें कायदाच घटनाबाह्य आहे अशी भूमिका घेऊन पैसे देण्यास नकार दिला, आणि कोर्टकचेऱ्या करण्याइतकी ऐपत उरलेले लोक खोऱ्यांत थोडे होते. कायदा पुस्तकांत राहिला. दुकानें बंद झालीं. १९३० च्या सुमारास आणि त्यानंतर लवकरच अशी स्थिति झाली कीं, खोऱ्यांतील शेतजमिनीपैकीं शेंकडा ९५ आणि गांवांतील मालमत्तेपैकीं शेंकडा ८५ लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची झाली. १९१४ सालच्या त्या वाक्याचें मोल येथें कळतें. खोऱ्याचा धनी बदलला, पण नवा धनीहि दरसाल काउंटीच्या कचेरींत कर भरूं लागला.

ओवेन्स खोऱ्याची ही दशा राज्यांतील इतर डोंगराळ काउंट्या डोळे उघडे ठेवून पाहत होत्या. कॅलिफोर्नियाचें पाणी मुख्यत्वें उत्तरेला आणि डोंगरांत. माणसें आणि मतें दक्षिणेला. आज इन्यो, उद्यां आपण, हा विचार शास्ता, ब्यूट, प्लूमस अशा ठिकाणीं मनांत न येता तरच नवल. १९२६ सालीं, शेतकऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकारानें, मतदारांनीं विधिमंडळाच्या रचनेचा नवा नियम मंजूर केला. खालच्या सभागृहांत लोकसंख्येच्या मानानें प्रतिनिधि. वरच्या सभागृहांत, म्हणजे सीनेटांत, कोणत्याहि काउंटीला एकापेक्षां अधिक जागा नाहीं, आणि एका मतदारसंघांत तीनपेक्षां अधिक काउंट्या नाहींत. जागा एकंदर चाळीस. वॉशिंग्टनच्या सीनेटांत लहानमोठ्या सर्व राज्यांना सारख्या जागा, त्याचेंच हें अनुकरण. काउंटीच्या सुपरवायझरांना मत मिळालें नाहीं तें नाहींच, परंतु डोंगराळ मुलुखाला आपला म्हणतां येईल असा सीनेटर लाभला.

त्या सीनेटच्या काळांत, १९३१ सालीं, जो कायदा झाला तो 'उगम-काउंटीचा कायदा' म्हणून ओळखला जातो. पार्श्वभूमि अशी : १९२७ सालापासून राज्य सरकारनें मोठ्या भावी योजनांसाठीं नद्यांच्या न वापरलेल्या पाण्यावर आपला अग्रहक्क नोंदवून ठेवण्यास सुरुवात केली होती. १९३१ च्या कायद्यानें त्याला लगाम घातला. राज्यानें नोंदविलेला असा हक्क दुसऱ्या कोणास द्यावयाचा झाल्यास, ज्या काउंटींत तें पाणी उगम पावतें तिच्या स्वतःच्या विकासाला लागणारें पाणी त्यामुळें हिरावलें जातां कामा नये. ओवेन्स खोऱ्याच्या उदाहरणावांचून हा कायदा झाला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. आणि दैवाची थट्टा अशी कीं, खुद्द इन्योला त्याचा थेंबभरहि लाभ नाहीं. तेथील पाणी राज्याच्या नोंदीवर नव्हे, विकत घेतलेल्या हक्कांवर गेलें होतें. इन्यो बुडाली आणि तिच्या बुडण्यानें इतरांना धडा मिळाला.

हा धडा पुढें तीस वर्षांनींहि ताजा होता. उत्तरेकडील फेदर नदीवर ऑरोव्हिल येथें प्रचंड धरण बांधून पाणी दक्षिणेकडे नेण्याची योजना राज्यानें आंखली, तेव्हां सीनेटांतील उत्तरेचे सभासद वर्षानुवर्षें अडून बसले. आमच्या भागाला लागेल तेवढें पाणी आमचें, ही हमी घटनेंतच लिहून द्या, असा त्यांचा आग्रह. अखेरीस घटनेची हमी मिळाली नाहीं. साध्या कायद्यांतील संरक्षण आणि स्थानिक योजनांना राज्याचें कर्ज व अनुदान यांवर तडजोड झाली. फ्रेस्नोचे सीनेटर ह्यू बर्न्स आणि लॉस एंजेलिस काउंटींतील असेंब्ली-सभासद कार्ली पोर्टर यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा १९५९ सालीं मंजूर झाला. पावणेदोन अब्ज डॉलरांच्या रोख्यांचा प्रश्न १९६० च्या नोव्हेंबरांत मतदारांपुढें आला तेव्हां तो सुमारें १ लाख ७४ हजार मतांनीं पार पडला. उत्तरेच्या काउंट्यांत अनुकूल कौल दिला तो एकट्या ब्यूट काउंटीनें, आणि धरण तिच्याच हद्दींत व्हावयाचें होतें. स्थानिक हित म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित्‌च मिळतो.

मात्र या सीनेटच्या रचनेचें दुसरें अंग झांकून ठेवतां येत नाहीं. १९६० सालच्या शिरगणतीप्रमाणें लॉस एंजेलिस काउंटींत ६०,३८,७७१ माणसें होतीं आणि त्यांना एक सीनेटर. इन्यो, मोनो आणि अल्पाइन या तीन काउंट्यांच्या मतदारसंघांत १४,२९४ माणसें, आणि त्यांनाहि एक सीनेटर. म्हणजे इन्योंतील एका शेतकऱ्याच्या मताचें वजन लॉस एंजेलिसच्या कामगाराच्या मताच्या चारशेंपटींहून अधिक. कोणत्याहि न्यायाच्या तराजूंत हें बसत नाहीं. डोंगरी काउंट्यांचें भय खरें होतें. परंतु एका अन्यायाची तटबंदी दुसऱ्या अन्यायाच्या विटांनीं बांधलेली होती, असें म्हणावें लागतें. ही व्यवस्था बदलण्याचे प्रयत्न १९४८ आणि १९६० सालीं झाले. दोन्ही वेळां राज्यभरच्या मतदारांनींच ते फेटाळले. १९४८ सालीं या व्यवस्थेची बाजू जाहीरपणें घेणाऱ्यांत त्या वेळचे गव्हर्नर अर्ल वॉरन होते. तेच वॉरन पुढें संयुक्त संस्थानांचे सरन्यायाधीश झाले, आणि १९६४ सालीं अलाबामा राज्याच्या खटल्यांत त्यांनीं स्वतः लिहिलेल्या निकालपत्रानें असें ठरविलें कीं, राज्यांच्या दोन्ही सभागृहांत प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणांतच असलें पाहिजे; प्रतिनिधि माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हत. माणसाचें मत बदलतें, आणि जागा बदलली कीं दृष्टीहि बदलते. वॉरन यांनीं तें लपविण्याचा खटाटोप केला नाहीं, हा त्यांचा मोठेपणा.

१९६६ च्या निवडणुकीपासून कॅलिफोर्नियाचें सीनेट नव्या मापानें भरूं लागलें. इन्योची जागा गेली. तिचा प्रदेश एका विस्तीर्ण मतदारसंघाच्या कोपऱ्यांत पडला. दक्षिणेच्या शहरांना प्रथमच आपल्या संख्येइतक्या जागा मिळाल्या.

येथून काउंट्यांच्या वकिलीचें स्वरूप पालटलें. सुपरवायझरांचा राज्यव्यापी संघ १८९५ सालापासून होताच. परंतु तो अठ्ठावन्नहि काउंट्यांचा, आणि त्यांत लॉस एंजेलिसहि आली. एका भल्या मोठ्या पंगतींत अल्पाइन आणि लॉस एंजेलिस यांचें पान शेजारीं मांडलें तरी भूक सारखी नसते. म्हणून १९७२ सालीं ग्रामीण काउंट्यांनीं आपला वेगळा संघ काढला. सॅक्रामेंटोंत पगारी प्रतिनिधि ठेवावे, दाखल होणारें प्रत्येक बिल वाचून त्याचा आपल्या मुलुखावर काय परिणाम होईल तें ताडावें, समित्यांपुढें साक्ष द्यावी, एखाद्या कलमांत चार शब्द घालावे किंवा चार काढावे, असें हें काम आहे. त्यांत तेज नाहीं. अलाबामा दरवाज्यांवर चूल पेटविणारांना तें मिळमिळीत वाटलें असतें. परंतु ज्याच्या हातीं मत नाहीं त्याला शब्दांवरच राबावें लागतें.

इन्योच्या बाबतींत याचा पहिला मोठा प्रत्यय सीनेटची जागा जाऊन दोनच वर्षें होतात तों आला. १९१४ च्या वाक्यानें जमीन करपात्र ठेवली, पण तिची किंमत काय धरावी हा तंटा उरलाच होता. जमिनीची किंमत बाजारावरून ठरते. आणि जेथें जवळजवळ सगळी जमीन एकाच धन्याची तेथें बाजार कसला? काउंटीनें अधिक आंकडा लावावा, शहरानें हरकत घ्यावी, प्रकरण न्यायालयांत जावें, असें वर्षानुवर्षें चाललें. १९६८ च्या नोव्हेंबरांत मंजूर झालेल्या घटनादुरुस्तीनें त्यावर एक नामी तोड काढली. इन्योंतील अशा जमिनीची १९६६ सालची करमूल्याची रक्कम मूळ धरावी, मोनोमधील जमिनीची १९६७ सालची. आणि सबंध राज्यांतील जमिनीचें दरडोई करमूल्य ज्या प्रमाणांत वाढेल त्या प्रमाणांत ती वाढवीत जावी. खोऱ्यांत बाजार मेला तर मेला. राज्यभरचा बाजार त्याच्या वतीनें बोलेल. हिशेबावर तक्रार असल्यास ती राज्याच्या कर-समीकरण मंडळापुढें न्यावी. इन्योचें नांव राज्यघटनेंत गेलें तें असें. मतांच्या जोरावर तें गेलेलें नाहीं. लॉस एंजेलिसलाहि रोजच्या भांडणापेक्षां ठरलेला आंकडा सोईचा वाटल्याशिवाय लाखों मतदारांनीं दोन एवढ्याशा काउंट्यांसाठीं घटना बदलली नसती.

पाण्याचा प्रश्न मात्र पुन्हां पेटला. १९७० सालीं शहरानें दुसरा कालवा पुरा केला आणि तो भरण्यासाठीं खोऱ्यांतील भूजल पंपांनीं उपसण्यास आरंभ केला. झरे आटले, कुरणें पिवळीं पडलीं. योगायोगानें त्याच वर्षीं कॅलिफोर्नियानें पर्यावरणाचा असा कायदा केला कीं, मोठें काम हातीं घेणाऱ्या सरकारी संस्थेनें त्याच्या परिणामांचा अहवाल आधीं तयार केला पाहिजे. हा कायदा इन्योसाठीं झालेला नव्हता. पण इन्योनें तो उचलला. १९७२ सालीं काउंटीनें शहरावर दावा लावला आणि १९७३ सालीं अपील न्यायालयानें शहराला भूजल-उपशाचा अहवाल करावयास लावलें. शहराचे दोन अहवाल न्यायालयानें अपुरे ठरविले. १९८० सालीं काउंटीच्या मतदारांनीं भूजलावर आपलें नियंत्रण ठेवणारा स्थानिक नियम मंजूर केला, तो न्यायालयानें १९८३ सालीं रद्द केला : राज्याच्या विषयांत काउंटीनें हात घालूं नये, हीच जुनी शिकवण. तरीहि एकोणीस वर्षांच्या कज्ज्यानंतर १९९१ सालीं दोन्ही पक्षांनीं उपशाच्या मर्यादेचा करार केला.

याच सुमारास सरोवरानें आपलें गाऱ्हाणें स्वतःच मांडावयास सुरुवात केली होती. १९२० च्या दशकांतच तें कोरडें पडलें होतें. त्याच्या खारट तळावरून वारा सुटला कीं पांढऱ्या धुळीचे लोट उठत. हवेंतील अतिसूक्ष्म धुळीचा देशांतील सर्वांत मोठा एकच उगम म्हणून त्या जागेची अपकीर्ति झाली. धुळीनें डोळे चुरचुरणारे लोक ते खोऱ्याचे; पाणी प्यालेलें शहर सव्वादोनशें मैल दूर. इन्यो, मोनो आणि अल्पाइन यांनीं १९७४ सालीं मिळून हवा-नियंत्रणाचा एक जिल्हा स्थापन केला होता. त्यांनीं सीनेटांतील आपला मतदारसंघ गमावला होता, त्यांचीच ही नवी जोडणी. १९८३ सालीं विधिमंडळानें या जिल्ह्याच्या नांवानें एक कलम मंजूर केलें : पाणी नेल्यामुळें हवा बिघडत असेल तर ती सुधारण्यासाठीं वाजवी उपाय करण्यास जिल्ह्यानें लॉस एंजेलिस शहराला भाग पाडावें आणि त्या कामाचा खर्च शहराकडून घ्यावा, मात्र त्या उपायांनीं शहराच्या पाणी नेण्याच्या हक्काला बाध येतां कामा नये. कलमाचा दुसरा भाग शहरानें घालून घेतलेली ढाल आहे हें उघड दिसतें, आणि त्या ढालीमुळेंच पहिला भाग मंजूर झाला हेंहि तितकेंच उघड आहे. कागदावरचें हें कलम जमिनीवर उतरण्यास आणखी अठरा वर्षें लागलीं. १९९८ सालीं शहर आणि जिल्हा यांच्यांत करार झाला. २००१ सालापासून शहरानें सरोवराच्या तळावर उथळ पाणी सोडणें, खाऱ्या गवताची लागवड करणें, खडी पसरणें हे उपाय सुरू केले. चाळीसहून अधिक चौरस मैलांवर तें काम पसरलें आणि त्यांत अब्जाहून अधिक डॉलर खर्ची पडले. उथळ पाण्यावर पाणपक्षी पुन्हां उतरूं लागले आहेत.

नदीची गोष्टहि थोडी सांगितली पाहिजे. कालव्यानें वळविल्यामुळें ओवेन्स नदीचें खालचें पात्र १९१३ सालापासून कोरडेंच होतें. उपशाच्या नुकसानीचा मोबदला म्हणून त्या ६२ मैलांच्या पात्रांत पाणी सोडण्याचें शहरानें करारांत मान्य केलें होतें, आणि पुष्कळ टाळाटाळीनंतर, न्यायालयाची तंबी मिळाल्यावर, ६ डिसेंबर २००६ रोजीं पाणी सुटलें. पात्रांत पाणकणसें आणि वाळुंजाचीं बेटें माजलीं, मासे आले. परंतु सरोवराच्या थोडें अलीकडे, नदी संपते तेथें, शहरानें एक पंपघर बांधलें आहे. नदींतून वाहत आलेलें पाणी तेथें उचलून परत कालव्यांत घातलें जातें. तो पंप किती पाणी उचलूं शकेल यावरहि काउंटीनें आणि तिच्या बाजूच्या मंडळींनीं १९९७ सालच्या लेखांत मर्यादा घालून घेतली : सेकंदाला पन्नास घनफूट, अधिक नाहीं.